काचेच्या पेटीतील सागर

इ. स. १८४६ मधील गोष्ट आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी ॲना थिन नावाच्या एका बाईंच्या पाहण्यात जिवंत प्रवाळ आले. दगडासारखी दिसणारी ती वस्तू वास्तविक प्राणी आहे, याचे त्यांना इतके नवल वाटले, की समुद्राच्या पाण्याने भरलेल्या एका दगडी बरणीत घालून त्यांनी काही प्रवाळ लंडनला आणले. लंडन शहर समुद्रापासून दूर. बरणीतील पाणी शिळे झाले, की त्यातील प्राणवायू संपणार आणि प्रवाळ गुदमरून मरणार. मग त्यांनी एक युक्ती योजली. घरातील दासीने रोज उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतीत राहावे, असा नेम त्यांनी घालून दिला. वारा लागून पाणी ताजे होई आणि प्रवाळ जगत. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री शेवाळही ठेवले. अशा रीतीने समुद्राचे ते जीव लंडनमधील एका घरात जवळजवळ तीन वर्षे नांदले.

आज पाणी खेळते ठेवण्यास विजेचे पंप आहेत, उन्हाची जागा घेणारे दिवे आहेत, पाण्यातील मळ फेसाबरोबर बाहेर काढणारी यंत्रेही आहेत. दासीचे काम यंत्रांकडे गेले. तिची चिकाटी मात्र कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. काचेच्या पेटीत लहानसा सागर उभा करू पाहणाऱ्याला ती आपल्याच अंगी बाणवावी लागते.

प्रथम हे समजून घेऊ, की प्रवाळ म्हणजे काय. प्रवाळ हे झाड नव्हे आणि दगडही नव्हे. अनेक चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत असते. प्रत्येक प्राण्याला एक तोंड आणि त्याभोवती मऊ तंतूंचे कडे असते. पाण्यातील चुना शोषून हे प्राणी आपल्या देहाखाली कठीण सांगाडा रचतात. त्यांच्या देहात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. म्हणून प्रवाळांना पाण्याइतकीच प्रकाशाचीही गरज असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकघरातील मीठ नळाच्या पाण्यात कालवून असे पाणी होत नाही, कारण सागरात मिठाखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम असे इतर अनेक पदार्थ विरघळलेले असतात. शुद्ध केलेल्या पाण्यात यासाठीच तयार केलेले सागरी क्षार मोजून मिसळावे लागतात. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास राखावे लागते. अथांग समुद्रात उष्णता आणि खारेपणा एका दिवसात फारसा बदलत नाही. लहान पेटीत तो पाहता पाहता बदलतो. हा बदल रोखणे हेच पालन करणाऱ्याचे मुख्य काम होय.

येथे एक कोडे विचारतो. पेटीतील पाणी रोज थोडे थोडे आटते. त्याच्या जागी कोणते पाणी घालावे, खारे की गोडे? पुष्कळ जण 'खारे' असे उत्तर देतील. पण ते चुकीचे आहे. कोकणातील मिठागरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना याचे कारण चटकन उमगेल. उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. पेटीतही असेच घडते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेच करावयाची असते. नाहीतर आपल्या पेटीचे मिठागर व्हावयाचे!

पाणी भरले, तळाशी वाळू पसरली, खडक रचले, दिवे लागले. आता लगेच मासे सोडावेत असे कोणालाही वाटेल. परंतु खरी परीक्षा येथेच असते. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. एका जातीचे सूक्ष्मजंतू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात; पण तेही घातकच. मग दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजंतू नायट्राइटपासून नायट्रेट बनवतात. ते त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असते. हे सूक्ष्मजंतू खडकांच्या भेगांत आणि वाळूत वस्ती करतात. परंतु त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. दुधाला विरजण लावल्यावर आपण रात्रभर थांबतो ना? मध्येच भांडे हलवले तर दही नीट लागत नाही. तसेच हे आहे. या काळात थोडासा अमोनिया घालून सूक्ष्मजंतूंना पोसतात आणि अधूनमधून पाणी तपासतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही दिसेनासे झाले, म्हणजे एखाददुसरा मासा सोडता येतो. प्रवाळांची पाळी त्यानंतर.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी अशी पेटी बाळगतो. प्रवाळांची पैदास करणाऱ्यांकडून त्याने लहान लहान तुकडे आणले होते. काही दिवसांनी त्याने मोठ्या आनंदाने मला कळवले, "गुरुजी, माझ्या पेटीत आपोआप एक फूल उगवले आहे!" एका खडकाच्या भेगेतून तपकिरी, अर्धपारदर्शक असा एक देठ वर आला होता आणि त्याच्या टोकावर नाजूक तंतूंचे कडे डुलत होते.

ते फूल नव्हते. ते समुद्रपुष्प नावाच्या प्राण्यांपैकी 'एप्टेशिया' या जातीचे होते. प्रवाळांच्या तुकड्याला चिकटून, मोहरीएवढ्या आकारात, ते न बोलावता आत शिरले होते. समुद्रपुष्प हा प्रवाळांचाच भाऊबंद. त्याच्याही देहात अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल असते. त्याच्या तंतूंवर विषारी दंशपेशी असतात. शेजारच्या प्रवाळाला तो त्यांनी डंख मारतो. पंधरवड्यात विद्यार्थ्याच्या एका सुंदर प्रवाळाची एक बाजू मरून पांढरी पडली. तेव्हा तो संतापला. चिमटा घेऊन त्याने ते समुद्रपुष्प ओरबाडून काढले आणि खडक खरवडून साफ केला. तीन आठवड्यांनी त्याचे पत्र आले: "गुरुजी, एक उपटले, त्याची सात झाली."

आपल्या पुराणांत रक्तबीज नावाच्या दैत्याची कथा आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला, की त्यातून नवा दैत्य उभा राही. एप्टेशियाचे काहीसे तसेच आहे. त्याच्या तळव्याचा बारीकसा तुकडा खडकावर राहिला, तरी त्यातून संपूर्ण नवा प्राणी वाढतो. कोणी ओरबाडले नाही, तरी सरकता सरकता तो स्वतःच असे तुकडे मागे सोडतो. शिवाय नुसती चाहूल लागताच तो अंग आखडून भेगेत दडतो. म्हणजे बळाचा उपाय येथे शत्रूच्याच पथ्यावर पडतो.

मग करावे काय? पहिला उपाय शिरकाव रोखण्याचा. नवा तुकडा पेटीत घालण्यापूर्वी भिंगातून बारकाईने पाहावा आणि काही आठवडे निराळ्या भांड्यात ठेवावा. दुसरा उपाय अन्न बेताने घालण्याचा. कारण वाया गेलेल्या अन्नावर एप्टेशिया पोसतो. इतके करूनही तो दिसलाच, तर जाणती माणसे पंप बंद करून पाणी स्थिर करतात आणि शुद्ध चुन्याचा दाट लगदा पिचकारीने हळूच त्याच्या तोंडावर सोडतात. घास समजून तो चुना गिळतो आणि जागच्या जागी मरतो. मात्र एका वेळी थोड्याच प्राण्यांवर हा प्रयोग करतात. चुना अधिक झाला, तर सगळ्या पाण्याचा तोल बिघडतो. चुन्याने डोळ्यांना इजा होते, म्हणून हे काम मुलांनी करावयाचे नाही.

उपद्रव फार वाढला, तर निसर्गाचीच मदत घेतात. लाल रेघांची एक लहान कोळंबी एप्टेशिया खाते. परंतु प्रत्येक कोळंबी खाईलच असा नेम नाही. बर्घिया नावाची, पाठीवर शंख नसलेली, एक चिमुकली समुद्री गोगलगाय तर एप्टेशियाखेरीज दुसरे काहीच खात नाही. रात्री ती शिकारीला निघते. तिचे नवल असे, की भक्ष्याच्या दंशपेशी पचवून न टाकता ती त्या आपल्या पाठीवरील तंतूंत साठवते आणि स्वतःच्या संरक्षणासाठी वापरते. शत्रूची शस्त्रेच ती हिरावून घेते! मात्र शेवटचा एप्टेशिया संपला, की ती उपाशी मरते. म्हणून काम झाल्यावर तिला दुसऱ्या पेटीत पाठवावे लागते. माझ्या विद्यार्थ्याने हाच मार्ग धरला. काही महिन्यांनी त्याची पेटी स्वच्छ झाली. प्रवाळाची मेलेली बाजू मात्र पुन्हा हिरवी झाली नाही.

तर हा एप्टेशिया केवळ दुष्टच म्हणावा काय? समुद्र तापला, की प्रवाळांच्या देहातील शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडतात. असे का होते, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम एप्टेशियाच वाढवतात; कारण तो झपाट्याने वाढतो आणि शैवालावाचूनही जगू शकतो. त्याच्या आनुवंशिक संकेतांचा संपूर्ण आराखडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटीत जो चिवटपणा डोकेदुखी ठरतो, तोच प्रयोगशाळेत गुण ठरतो. प्राणी वाईट नसतो. तो भलत्या जागी आलेला असतो.

भलत्या जागेवरून आणखी एक आठवले. ॲना थिन यांच्यानंतर फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये मत्स्यालयावर एक पुस्तक लिहिले. ते इतके लोकप्रिय झाले, की हौशी माणसांच्या झुंडी इंग्लंडच्या किनाऱ्यावर लोटल्या आणि खडकांमधील डबकी त्यांनी ओरबाडून ओसाड केली. त्याबद्दलची हळहळ गॉस यांच्या मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ मधील आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. समुद्रावरील प्रेमापोटीच समुद्र लुटला गेला. आपल्याकडेही मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाण्याखाली जिवंत प्रवाळ आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार २००१ पासून आपल्या देशातील प्रवाळांना वाघाप्रमाणेच संरक्षण आहे. ते समुद्रातून तोडून आणणे हा गुन्हा आहे. ओहोटीच्या वेळी खडकांमधील डबक्यापाशी स्वस्थ बसा. थोड्या वेळाने समुद्रपुष्पे उमलतील, शंखातून खेकडे डोकावतील. ते डोळे भरून पाहा आणि जागच्या जागी राहू द्या.

काचेच्या पेटीतील सागर असो की किनाऱ्यावरचा, तो राखावयाचा एकच मार्ग आहे: आधी पाहणे, मग समजून घेणे आणि त्यानंतरच हात लावणे. लंडनमधील त्या खिडकीपाशी रोज पाणी ओतणाऱ्या दासीचे नाव कोणाला फारसे ठाऊक नाही. परंतु तिच्या हातांनी घाई केली नाही, म्हणून ते प्रवाळ जगले.

स्वाध्याय

१. पेटीतील आटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच का घालावे?
२. नव्या पेटीत मासे सोडण्यापूर्वी काही आठवडे का थांबावे लागते?
३. लेखकाने एप्टेशियाची तुलना रक्तबीजाशी का केली आहे?
४. 'प्राणी वाईट नसतो. तो भलत्या जागी आलेला असतो.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा: पथ्यावर पडणे, तोल बिघडणे, अंगी बाणवणे.