विश्वाचा गलबला

आठवडी बाजार जवळ आला की मला आधी गलबला ऐकू येतो. शब्द कळत नाहीत, दिशा मात्र कळते.

कृष्णविवरांच्या किंवा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या फिरत फिरत विलीन होतात, तेव्हा गुरुत्वीय लहरी उठतात. अमेरिकेतल्या लायगोने पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. दूरच्या असंख्य लहरींचा मात्र मिसळून गलबलाच होत असणार. दीर्घिका पुंजक्यांनी वसल्या आहेत. त्या दिशांना तो किंचित मोठा हवा. हा फरक अजून सापडलेला नाही. सापडला, तर न दिसणाऱ्या कृष्णविवरांची वस्ती कळेल.

दिशा ओळखायला दूरदूरचे कान लागतात. २०२३ मध्ये मंजूर झालेला असा एक कान हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. मराठवाड्याची जमीन आभाळाला कान देणार, याचा मला आनंद आहे.