निंबोळी अर्काने पिवळा मोझॅक बरा होत नाही

“सोयाबीन पिवळं पडलं, निंबोळी अर्क मारला, तरी रोग काही हटला नाही.” चिमूर भागात पावसाळा सरत आला की हे हमखास ऐकू येतं. मग कुणी अर्काला बोगस ठरवतं, कुणी सगळ्या जैविक उपायांनाच. पण फवारण्याआधी एक गोष्ट कुणी पाहत नाही: वावरात आहे ती कीड की रोग?

२०२३ च्या सप्टेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, तेव्हाही हाच घोळ झाला. हा रोग विषाणूचा आहे. विषाणू एकदा झाडात शिरला की त्याला मारणारं औषध निंबात नाही, गोमूत्रात नाही आणि कृषी केंद्रातल्या महागड्या डब्यातही नाही. किती वेळा सांगायचं! त्याला झाडोझाडी पोचवते ती पांढरी माशी, पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषणारी. निंबोळीतलं अझाडिरेक्टिन काम करतं ते या माशीवर: तिचं खाणं मंदावतं, पिलांची वाढ अडते. म्हणून अर्क मारायचा तो माशी दिसू लागताच, पानाच्या खालून. हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचं पहिलं झाड दिसलं की ते उपटून गाडून टाका.

अर्कही ५ टक्क्यांचाच हवा. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, २०० ग्रॅम साबणाचं पाणी घाला आणि सगळं मिळून १०० लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. उन्हात अझाडिरेक्टिन लवकर विघटतं, आणि शिळ्या अर्कात दम राहत नाही.

असाच घोळ तूर, हरभऱ्याच्या मरीतही होतो. मर हा बुरशीचा रोग. ती बुरशी मातीत असते, मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. झाड माना टाकू लागल्यावर पानांवर काहीही फवारलं तरी पैसा वाया. ट्रायकोडर्मा लावायचा तो पेरणीआधी, बियाण्याला, सावलीत. ती स्वतः एक जिवंत बुरशी आहे आणि दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना वेढून त्यांवरच जगते. वाइंडलिंग या संशोधकाने हे १९३२ मध्येच दाखवलं होतं. तिच्याबरोबर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळलं, तर आपणच तिला मारलं.

असे आणखीही काही समज ऐकू येतात. “मिठाच्या पाण्याने धानाचा करपा जातो.” नाही. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात बियाणं टाकलं की पोचट, रोगट दाणे वर तरंगतात, एवढंच. ते काढून टाका आणि खालचं बियाणं साध्या पाण्याने धुऊन घ्या.

“झाडपाल्याचं आहे, अंगावर उडालं तरी चालतं.” तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं आणि माणसाला विषबाधा करतं.

“बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत चालतं, मग कितीही मारा.” त्यातलं तांबं मातीत साठत जातं.

“दशपर्णी अर्क मारतो, मग युरिया थोडा जास्त पडला तर काय?” युरिया जास्त झालेल्या धानाच्या बांधीतच करपा भडकतो.