सुगावारा नो मिचिझाने : शिक्षा झालेला दरबारी देव कसा झाला?

श्रोतेहो, जपानमध्ये परीक्षा जवळ आली की मुलं तेनजिन या देवाच्या देवळात जातात, लाकडी पाटीवर नवस लिहून टांगतात. विद्येचा हा देव मुळात हाडामांसाचा दरबारी होता. नाव सुगावारा नो मिचिझाने. राजद्रोहाच्या आरोपावरून तो हद्दपार झाला. मग तो देव कसा झाला? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ.

मिचिझाने जन्मला ८४५ साली. आजोबा, वडील दोघंही चिनी विद्येचे राजमान्य अध्यापक. ८७७ मध्ये तोही त्याच पदावर आला. राजधानी होती हेइआन, म्हणजे आजचं क्योतो. तिथली सत्ता मात्र विद्येवर चालत नव्हती. फुजिवारा घराणं आपल्या मुली राजघराण्यात द्यायचं; नातू गादीवर बसला की कारभार आजोळच्या हाती. सम्राट उदाची आई मात्र फुजिवारा नव्हती. या घराण्याला तोल म्हणून उदाने मिचिझानेला वर आणलं. ८९९ मध्ये तो उजवा मंत्री झाला. त्याच्या वर एकच, डावा मंत्री फुजिवारा नो तोकिहिरा.

तोवर उदाने गादी सोडली होती; मुलगा दाइगो सम्राट होता. ९०१ मध्ये आरोप आला : दाइगोला काढून त्याच्या भावाला, म्हणजे स्वतःच्या जावयाला, गादीवर बसवायचा मिचिझानेचा डाव आहे. त्याला दूर क्यूशू बेटावर दाझाइफूला पाठवलं. हुद्दा नावापुरता, काम काहीच नाही. ९०३ मध्ये तो तिथेच वारला.

पुढे काय झालं बघा. ९०९ मध्ये तोकिहिरा ऐन उमेदीत गेला. ९२३ मध्ये युवराज गेला. त्याच वर्षी मिचिझानेला मरणोत्तर मंत्रिपद परत दिलं गेलं. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळून दरबारी मेले आणि काही महिन्यांत दाइगोही गेला. अन्यायाने मेलेल्याचा आत्मा कोपतो, त्याला जपानीत 'गोऱ्यो' म्हणतात. हा मिचिझानेचाच कोप, असं लोक म्हणू लागले. ९४७ मध्ये क्योतोत कितानोचं देऊळ उभं राहिलं.

याला अंधश्रद्धा म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण जरा थांबू या. शिक्षा न्याय्य होती असं मनापासून वाटत असेल, तर मेलेल्याची भीती कशाला वाटेल? त्या भीतीत एक कबुली आहे. सम्राटाच्या निकालावर दाद मागायला वरचं न्यायालय नव्हतं. ते काम विजेने केलं. 'आम्ही चुकलो' हे दरबाराला माणसांच्या भाषेत म्हणता येत नव्हतं, म्हणून ते देवाच्या भाषेत म्हटलं गेलं.

पण या न्यायाची मर्यादाही पाहायला हवी. सत्ता फुजिवारांकडेच राहिली. तोकिहिराचा धाकटा भाऊ तादाहिरा ९३० मध्ये राजप्रतिनिधी झाला. आणि दुसरी गोष्ट. ८८६ ते ८९० मिचिझाने शिकोकू बेटावरच्या सानुकी प्रांताचा सुभेदार होता. थंडी आधी कुणाला गाठते, असं विचारत त्याने तिथे दहा कविता लिहिल्या : गाव सोडून पळालेले शेतकरी, अनाथ पोर, कोळी, मीठ विकणारा, लाकूडतोड्या. त्यांच्यावरचा अन्याय त्याने पाहिला, लिहून ठेवला. पण त्यांच्या आत्म्यांना दरबार कधी घाबरला नाही, म्हणून त्यांचं देऊळही झालं नाही.

तेव्हा भीतीतून मिळणारा न्याय, ज्याला घाबरावं असं वाटतं त्यालाच मिळतो. बाकीच्यांसाठी काय लागेल, याचा विचार आपण पुढच्या व्याख्यानात करू.