औषधांना न जुमानणारे लघवीतले जंतू

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की "उन्हाळी लागली" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पाणी कमी पडल्याने लघवी दाट होऊन जळजळ होत असेल, तर भरपूर पाणी प्यायल्यावर ती एक-दोन दिवसांत थांबते. परंतु वारंवार थोडी थोडी लघवी होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ किंवा लालसर होणे ही लक्षणे असतील, तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो. अशा वेळी धण्याच्या पाण्यावर विसंबून राहू नये.

बहुतेक वेळा हा संसर्ग ई. कोलाय नावाच्या जंतूंमुळे होतो. हे जंतू आपल्या आतड्यात नेहमीच असतात आणि तेथे सहसा त्रास देत नाहीत. तेथून ते मूत्रमार्गात शिरले की दुखणे सुरू होते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असल्याने त्यांना हा त्रास अधिक होतो. शेतात किंवा प्रवासात सोय नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या व लघवी रोखून धरणाऱ्या मुलींत तर फारच.

एकेकाळी नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांनी असे रुग्ण हमखास बरे होत. आता ती खात्री राहिलेली नाही. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद २०१३ पासून निरनिराळ्या रुग्णालयांतील जंतूंची माहिती गोळा करीत आहे. त्यात ई. कोलायचे बहुतांश नमुने सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत, असे दिसते.

"डॉक्टर, मी तर कधी दवाखान्यात भरतीही झालो नाही, मग माझ्यात असे जंतू आले कोठून?" असे तरुण रुग्ण मला विचारतात. एकच औषध वारंवार फवारले की बोंडअळी त्याला जुमानत नाही, हे आपल्या कापूस उत्पादकांना सांगायला नको. आतड्यातही तेच घडते. सर्दी-पडशासाठी किंवा जुलाबासाठी मेडिकलमधून आणलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्यांनी दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. शिवाय हा चिवटपणा ते शेजारच्या जंतूंनाही देऊ शकतात. दूषित पाणी व न धुतलेले हात यांतून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणूनच आपल्या देशात ठणठणीत माणसांच्या शौचाच्या तपासणीतही असे जंतू सापडले आहेत.

एक उदाहरण सांगतो. २२ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने दहा दिवसांत तीन प्रकारच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्या. शेवटी थंडी वाजून ताप आला, पाठीत कळा येऊ लागल्या, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. तपासणीत त्या तिन्ही गोळ्या निरुपयोगी ठरल्या. इंजेक्शनांनी ती बरी झाली, पण परीक्षा बुडाली आणि घरचा खर्च झाला तो वेगळाच.

यावर उपाय म्हणजे लघवीचे कल्चर. पहिली गोळी घेण्यापूर्वी, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलीत घ्यावी व दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. दोन-तीन दिवसांत कोणते औषध लागू पडेल ते कळते. कित्येकदा नायट्रोफ्युरँटॉइनसारखे ७० वर्षांपूर्वीचे साधे औषधही मूत्राशयाच्या संसर्गावर उपयोगी पडते. मात्र ते कोणाला चालेल हे डॉक्टरांनीच ठरवावे. ताप, पाठदुखी किंवा उलट्या असल्यास नमुना देऊन लगेच उपचार सुरू करावेत, रिपोर्टची वाट पाहू नये. गरोदर स्त्रियांनी, पुरुषांनी व मधुमेहींनी हे दुखणे साधे समजू नये.

उलटपक्षी, रिपोर्टात जंतू दिसले पण त्रास काहीच नाही, तर निरोगी तरुणाला सहसा औषधाची गरज नसते. गरोदर स्त्रिया याला अपवाद आहेत, त्यांनी उपचार घ्यावेत.

१ मार्च २०१४ पासून अनेक प्रभावी प्रतिजैविकांची विक्री औषध दुकानदाराला वहीत नोंदवावी लागते. पण घरात उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देण्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. ती सवय आपणच मोडली पाहिजे. गोळीच्या पाकिटावर लाल रेघ दिसली, तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका आणि दुसऱ्याला देऊही नका.