नाण्यावरचं नाक

मुलांनो, परवा आमच्या वर्गातली एक मुलगी मुठीत काहीतरी घट्ट धरून आली. म्हणाली, "बाई, पणजीच्या ट्रंकेत घावला. चिंच अन् राख लावून घासलाय!"

बघते तर निजामाचा चारमिनारवाला हाली रुपया. घासून घासून अक्षरं पार बुजलेली, चारमिनार तेवढा उरलेला. मी हळहळले. पण पोरगी हुशार! "बाई, पणजीला कुठं वाचता यायचं? तिला चारमिनार दिसला की बास!"

खरंच की! वाचता न येणारा माणूस नाणं ओळखतो ते चित्रावरून. ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांनाही पक्की ठाऊक होती.

तेव्हा आपल्या लातूरजवळच्या तेरहून कापड भरून गाड्या निघायच्या, त्या पैठणवरून थेट भडोच बंदरात. 'पेरिप्लस' नावाच्या जुन्या ग्रीक पुस्तकात तेरचं नाव 'तगर' असं आहे. त्याच पुस्तकात आणखी एक गंमत आहे. मिनँडर वगैरे ग्रीक राजे मरून कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांची नाणी भडोचच्या बाजारात चालत होती! एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. लोकांची नजर त्याला सरावलेली.

मग क्षहरात घराण्याच्या नहपान राजाने काय केलं? आपली चांदीची नाणी त्याच थाटाची पाडली. चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. पण ती अक्षरं जुळवून वाचली तर भाषा ग्रीक नाहीच! ती आपली प्राकृत, 'राजा क्षहरात नहपानाचे' अशा अर्थाची. मागच्या बाजूला तेच ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत. नहपानानंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ग्रीक अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या उरल्या. अर्थ कुणाला कळत नव्हता, पण रेघोट्या हव्यातच, नाहीतर नाणं खोटं वाटायचं!

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं राज्य बुडवलं. शत्रूची नाणी वितळवत बसला नाही तो. त्याच नाण्यांवर त्याने आपले ठसे ठोकले. एकीकडे तीन कमानींचा डोंगर आणि भोवती स्वतःचं नाव, दुसरीकडे चार वर्तुळं जोडलेली फुली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर असे दुहेरी ठसे होते. काहींवर तर डोंगराखालून नहपानाचं नाक डोकावतं!

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे. गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी, त्याने चांदीची नाणी पाडली ती राजाच्या चेहऱ्याची. ज्या शत्रूला बापाने हरवलं, त्याचीच तऱ्हा!

आता विचार करा, ती नऊ हजार नाणी कुणी चिंच लावून घासली असती तर? खालचा पुसट ठसा गेला असता, आणि कोणी कुणाला हरवलं याचा हा पुरावाही. म्हणून जुनं नाणं मिळालं तर घासू नका, सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका. शेतात सापडलं तर तहसील कचेरीत कळवायचं असतं. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या जुन्या वस्तूंचं मोठं संग्रहालय आहे. सहलीला तिकडे जरूर जा.

मधल्या सुट्टीत ती मुलगी पुन्हा टेबलाशी आली. रुपया डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "बाई, ह्या चारमिनारच्या खाली पण कुणाचं नाक असंल का?"