संशोधनातून इंटरॅक्शन डिझाइनकडे: सोबत काय न्यायचं, मागे काय ठेवायचं

पीएचडीचं तिसरं-चौथं वर्ष लागलं की अनेकांच्या मनात प्रश्न येतो: पुढे प्राध्यापकीच करायची का? मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र अशा विषयांतले काही जण मग इंटरॅक्शन डिझाइनकडे बघायला लागतात. आणि लगेच दोन भीती उभ्या राहतात. एक, 'मला तर चित्र काढता येत नाही!' आणि दुसरी, 'म्हणजे इतकी वर्षं फुकट गेली का?'

पहिलीचं उत्तर सोपं आहे. इंटरॅक्शन डिझाइन म्हणजे वस्तू कशी दिसते यापेक्षा ती वापरताना काय घडतं, हे ठरवणं. एटीएममधून आधी काय बाहेर यावं, कार्ड की पैसे? पैसे आधी आले तर आपल्या मनाने काम संपलेलं असतं आणि कार्ड तिथेच राहून जातं. म्हणून बऱ्याच यंत्रांत कार्ड आधी परत मिळतं. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, तोही असाच निर्णय. यासाठी सुबक हातापेक्षा माणूस कुठे अडखळतो याची जाण जास्त लागते. चौकोन आणि बाण काढता आले की कागदावर सुरुवात होते. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं.

दुसऱ्या भीतीचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल.

हे क्षेत्र बऱ्याच अंशी संशोधकांच्या कामावरच उभं आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हाताच्या हालचालीबद्दल एक नियम मांडला: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. १९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड आणि सहकाऱ्यांनी झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेतून माउस, जॉयस्टिक आणि कीबोर्डवरच्या कळा यांची तुलना प्रसिद्ध केली. माउस सगळ्यात वेगवान ठरला, आणि त्याचा वेग फिट्सच्या नियमाशी जुळला. म्हणजे मर्यादा उरली होती ती यंत्राची नाही, माणसाच्या हाताची.

त्याच प्रयोगशाळेत ल्युसी सचमन यांनी फोटोकॉपी मशीनपुढे गोंधळलेल्या माणसांचं चित्रीकरण करून ते बारकाईने अभ्यासलं. त्यांची पार्श्वभूमी मानववंशशास्त्राची. त्यांच्या पीएचडीच्या कामातून १९८७ मध्ये 'प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स' हे पुस्तक आलं. त्यातला मुद्दा असा: माणूस ठरलेल्या योजनेच्या पायऱ्या चढत जात नाही, समोर काय घडतंय ते बघून पुढचं ठरवतो. मशीनला मात्र दाबलेल्या बटणांपलीकडे फारसं काही कळत नाही.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये तयार झालेला 'स्वरचक्र' कळफलक. 'क' वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमटतं. ज्याला बाराखडी येते त्याला फारसं नवीन शिकावं लागत नाही.

मग संशोधकाचं अडतं कुठे? तर पुराव्याच्या प्रश्नावर. संशोधनात आपण विचारतो, 'हे खरं आहे का?' डिझाइनच्या टीममध्ये विचारतात, 'सोमवारपर्यंत काय बदलायचं?' पाच जणांवर चाचणी घेऊन निर्णय झाला, असं ऐकलं की आपल्याला धक्काच बसतो. नमुना फक्त पाचचा?

पण त्यामागे गणित आहे. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये ते मांडलं. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एखादी अडचण एका माणसाच्या चाचणीत दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के होती. म्हणजे न दिसण्याची ०.६९. पाचही चाचण्यांत न दिसण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, साधारण ०.१६. म्हणजेच सुमारे ८४ टक्के अडचणी पाच जणांतच सापडतात. म्हणून पंधरा जण एकदम बोलावण्यापेक्षा पाच जण, मग दुरुस्ती, मग पुन्हा पाच जण, हे बरं. इथे हेतू लोकसंख्येबद्दल अनुमान काढण्याचा नसतो, दोष शोधण्याचा असतो.

आता याच्या पुढची पायरी बघा, कारण तुमची खरी जागा तिथे आहे. अडचण दहांतल्या एकालाच येत असेल तर? पाच जणांत ती दिसण्याची शक्यता १ वजा ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ४१ टक्केच. पैसे चुकीच्या खात्यात जाणं, औषधाची मात्रा चुकीची वाचली जाणं, या चुका क्वचित होतात पण महाग पडतात. तिथे 'पाच पुरेत' म्हणणाऱ्या टीमला थांबवणारा माणूस लागतो. तसंच पाचातल्या चौघांना आवडलं म्हणून '८० टक्के लोकांना आवडलं' असं लिहू न देणाराही लागतो. नियम कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, ही समज संशोधनाच्या वर्षांतच तयार झालेली असते. ती सोबत न्या.

मागे काय ठेवायचं? प्रबंधाची मांडणी. समजा तुमचा विषय आशा सेविकांच्या नोंदवह्या हा आहे. पोर्टफोलिओत पूर्वसंशोधनाचा आढावा दोन ओळींत संपवा. मग सांगा: काय पाहिलं, कोणते पर्याय सुचले, कोणता निवडला आणि का, चाचणीत काय फसलं, त्यानंतर काय बदललं. एका घरच्या भेटीत सेविकेला तीन वह्या उघडाव्या लागतात असं दिसलं असेल, तर ॲपमध्ये नोंदी वहीनुसार लावायच्या की घरानुसार? मुलाखत घेणाऱ्याला या निर्णयात रस असतो. 'अधिक संशोधनाची गरज आहे' या वाक्यावर प्रबंध संपू शकतो, पोर्टफोलिओ नाही.

एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. लोकांनी तुम्हाला मुलाखती आणि फोटो संशोधनासाठी दिलेत. ते पोर्टफोलिओत टाकण्याआधी संमतीपत्रात काय लिहिलंय ते वाचा आणि मार्गदर्शकांशी बोला. गरज पडली तर परवानगी पुन्हा घ्या.

वाटा दोन आहेत. सीईईडी देऊन एम.डेस.ला जाणं, किंवा थेट यूएक्स रिसर्चरच्या कामाला लागून हळूहळू डिझाइनकडे सरकणं. दोन्हींत काहीतरी सुटतंच. कंपनीतलं बरंचसं काम गोपनीय असतं, शोधनिबंधावर येतं तसं तुमचं नाव त्यावर येईलच असं नाही. ज्याला हे टोचेल त्याने आधीच विचार केलेला बरा.

तेव्हा राजीनामा किंवा अर्ज लिहिण्याआधी एक आठवडा काढा. रोजच्या वापरातलं एखादं ॲप घ्या, पाच जणांना त्यात एकच काम करायला सांगा आणि शेजारी गप्प बसून बघा. मग एकच बदल निवडून कागदावर काढा आणि पुन्हा पाच जणांना दाखवा. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेताना तुम्हाला मजा आली की नुसतीच चिडचिड झाली, हे नीट लक्षात ठेवा. पुढचा निर्णय घेताना ते उपयोगी पडेल.