राजा बदलला, नाण्यांवरचा शिक्का बदलला, पण गोवर्धनची पेढी चालू राहिली!

देवळाली कॅम्पातून पाथर्डी गावावरून हायवेकडे निघालं की समोर एक डोंगर दिसतो. पांडवलेणी. आपल्यापैकी बरेच जण तिथे शाळेच्या सहलीला किंवा पावसाळ्यात फोटो काढायला जाऊन आलेले असतात. पण तिथल्या भिंतींवर एका गावाचं नाव पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

ते गाव म्हणजे गोवर्धन.

नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूरजवळ गोदावरीच्या काठी आज जे गोवर्धन आहे, तेच हे जुनं गोवर्धन असं अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी ते एका 'आहारा'चं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठिकाण होतं. तिथे विणकर होते, व्यापारी होते, लोकांचे पैसे ठेवून घेणाऱ्या पेढ्या होत्या. आणि हे सगळं होतं दोन सत्तांच्या भांडणाच्या ऐन रेषेवर.

भांडण नेमकं कशाचं होतं?

एका बाजूला पैठणचे सातवाहन. दुसऱ्या बाजूला क्षहरात क्षत्रप, ज्यांचा राजा नहपान. काळ साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. त्या वेळी पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून रोमन जगाशी जोरात व्यापार चालू होता. 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या प्रवासमाहितीत लिहिलंय की पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जायचा. पैठणहून गोमेद, तेरहून कापड.

त्यामुळे ज्याच्या ताब्यात घाटवाटा आणि बंदरं, त्याच्या ताब्यात पैसा. हे भांडण किती टोकाला गेलं होतं? पेरिप्लस सांगतं की एखादं ग्रीक जहाज कल्याणला लागलं, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जायचं. म्हणजे चक्क व्यापाराची नाकेबंदी.

कोकणातून घाट चढून आलं की नाशिकचा मुलूख लागतो. त्यामुळे गोवर्धन कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे.

दोन हजार वर्षांपूर्वीचं फिक्स्ड डिपॉझिट

नहपानाच्या जावयाचं नाव उषवदात. पांडवलेण्यांतलं १० नंबरचं लेणं त्यानेच कोरवून घेतलं. तिथल्या एका लेखात त्याने सांगितलंय की भडोच, दशपूर म्हणजे मंदसौर, गोवर्धन आणि सोपारा इथे आपण प्रवाशांसाठी निवारे बांधले, आणि तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. ही नावं नकाशावर जोडून बघा, त्या काळचे व्यापारी रस्ते समोर उभे राहतात.

पण खरी गंमत व्हरांड्यातल्या दुसऱ्या लेखात आहे. उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एका श्रेणीकडे २,००० नाणी, व्याज महिन्याला शेकडा १. दुसरीकडे १,०००, व्याज महिन्याला शेकडा पाऊण. अट एकच, मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

आता हिशोब करा. २,००० वर महिन्याला शेकडा १ म्हणजे वर्षाला २४० नाणी. लेखात लिहिलंय, २० भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ नाणी. २० गुणिले १२ बरोबर २४०. पैसा न् पैसा जुळतो.

हा व्यवहार गावाच्या निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला, असंही लेखात आहे. म्हणजे साक्ष आणि नोंदणी, दोन्ही.

मग राजा बदलला

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. याचा पुरावा भगूर-देवळालीच्या अंगाने वाहणाऱ्या दारणेच्या काठीच सापडला. दारणा जिथे गोदावरीला मिळते, तिथे सिन्नर तालुक्यातलं जोगलटेंभी गाव आहे. १९०६ मध्ये तिथे नहपानाच्या १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचे शिक्के मारलेले होते.

म्हणजे जुनी नाणी वितळवत बसण्यापेक्षा त्यांच्यावरच नवा छाप मारला. चांदी तीच, नाव नव्या राजाचं. बाजार थांबवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

पण गावकऱ्यांचं काय झालं?

याचं उत्तर ३ नंबरच्या लेण्यात आहे. राज्याच्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवला. काखडी गावातलं २०० निवर्तन शेत आजपर्यंत उषवदाताकडे होतं, ते आता भिक्खूंना द्यावं.

सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. त्यात राजा सांगतो की काखडीतलं शेत कसलं जात नाही आणि गावात वस्तीही नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरची १०० निवर्तन सरकारी जमीन द्यावी.

गाव ओस का पडलं, हे हुकमात नाही. पण काही वर्षांपूर्वीच हा मुलूख एका राजाकडून दुसऱ्याकडे गेला होता, हे आपल्याला माहीत आहे. सीमेवरच्या बाजाराची नाणी नव्या छापाने पुन्हा चालली. काखडीच्या माणसांचं काय झालं, ते मात्र कुणी कोरून ठेवलं नाही.

गोवर्धनच्या पेढ्या पुढेही टिकल्या. तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या एका शक स्त्रीने आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी गोवर्धनच्याच श्रेणींकडे पैसे ठेवले. त्यात तेली होते, पाण्याची यंत्रं बनवणारेही होते. क्षत्रप गेले, सातवाहन गेले, तरी पैसे ठेवताना लोकांचा विश्वास कारागिरांच्या संघावरच होता.

बघायला जायचं तर काय बघाल?

पांडवलेण्यांत एकूण २४ लेणी आहेत. वेळ कमी असेल तर आधी १० नंबर, मग ३ नंबर. दोन्हीकडे व्हरांड्यात शिरलात की मूर्तींआधी भिंतींच्या वरच्या भागाकडे बघा, ब्राह्मी अक्षरांच्या ओळी दिसतील. सकाळी लवकर गेलात तर पायऱ्या चढताना ऊन लागत नाही. नाण्यांत रस असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. आणि येताना गोवर्धनला गोदावरीच्या काठावर पाच मिनिटं थांबा.

पुढच्या वेळी बँकेत एफडीचा फॉर्म भरताना व्याजाचा दर बघाल, तेव्हा उषवदाताचा दरही आठवा. वर्षाला १२ टक्के.